काथ्याचा बांध

भालेरावांना कुणी एखाद्या गोष्टीची उंची विचारली की ते आधी उलट विचारायचे, "कुठून?"

शाळेची भिंत किती उंच, समोरची बाभळ किती उंच, असं नुसतं बोलण्याच्या ओघात विचारलं तरी हेच. "जोत्यापासून का जमिनीपासून? आणि जमीन म्हणजे कुठली, पुढच्या अंगाची का मागच्या?" विचारणारा कंटाळून विषय बदलायचा. भालेराव मात्र त्या बाभळीकडे बघत राहायचे. त्यांच्या डोक्यात ती एव्हाना मोजून झालेली असायची, आणि उत्तर कुणालाच नको आहे याचं त्यांना थोडं वाईट वाटत असावं.

गेल्या महिन्यात दौंडहून त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज थेट वडिलांचा. "बाबा गेले," तो म्हणाला, "झोपेतच गेले. तुमची आठवण काढायचे म्हणून कळवतोय." मी काय बोललो ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी रोज थोडं थोडं लिहायला बसतो आहे. त्यांचं चरित्र मला माहीत नाही. आमचा सहवास वर्ष-दीड वर्षाचा, आणि त्यानंतरची एक भेट. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पुढच्या एका वाडीवर प्राथमिक शिक्षक होतो. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत वर्ग भरायचा, दुसरीत मोडकी बाकं. त्या वर्षी वर्गही अर्धाच भरे, कारण आया कामावर जात आणि तान्ह्यांना सांभाळायला थोरली मुलं त्यांच्यामागे. वाडीच्या वरच्या अंगाला नाल्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. नाल्यात मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना उतरेल, अशी योजना. पाणी कधी येणार हे त्या वर्षी कुणी विचारत नव्हतं. हाताला काम हवं होतं.

या कामावर ओव्हरसियर म्हणून भालेराव आले. गावात त्यांना वरसेर म्हणत. मूळचे दौंडचे, वडील रेल्वेत गँगमन, आणि घरात डिप्लोमा झालेले हेच पहिले. पस्तिशीच्या आतले, उंच, किडकिडीत, चालताना किंचित पुढं झुकणारे. शर्टाच्या खिशात पितळी बिजागऱ्यांची लाकडी घडीची पट्टी. पेन दुसऱ्याकडून मागून घेत, पट्टी कुणाला देत नसत.

वाडीत त्यांना खोली मिळाली नाही. खोल्या रिकाम्या होत्या, पण त्या शेतकऱ्यांच्या आळीत होत्या आणि भालेराव बौद्ध होते. सरपंच शाळेत आले. त्यांना सगळे आबा म्हणत. मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शाळंतच करा की सायबांची सोय. सरकारी मानूस सरकारी जागंत बरा." भालेराव शेजारीच उभे होते. खोली का नाही ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. भालेराव "चालेल" म्हणाले, मोडक्या बाकांच्या खोलीत गेले, पट्टी उघडली, आणि दार पूर्ण उघडल्यावर वळकटी कुठवर पसरता येईल ते मोजून जमिनीवर खडूनं रेघ मारली. मग बाहेर येऊन आबांना विचारलं, "चहा घेणार?" आबांना काम होतं.

आठवडाभरात त्यांनी माझा फळा खाली आणला. सकाळी दाढी करता करता ते वर्गाच्या दारात आले आणि साबणाच्या तोंडानं म्हणाले, "गुरुजी, हा फळा कुणासाठी टांगलाय?"

"मुलांसाठी."

"मग मुलांच्या डोळ्याला का नाही? हा तर तुमच्या डोळ्याला आहे."

त्यांनी पहिलीतलं एक पोर जमिनीवर मांडी घालून बसवलं, जमिनीपासून त्याच्या डोळ्यापर्यंत पट्टी धरली, मग चौथीतलं एक बसवलं. दोन्ही आकड्यांच्या मधे कुठंतरी फळ्याचा मध्य आला. त्यानंतरची सगळी वर्षं मी वाकून लिहिलं. माझ्या पाठीच्या दुखण्यात भालेरावांचा वाटा आहे. पण त्या दिवसापर्यंत मागच्या ओळीतली मुलं माना वर करून बसतात हे मला दिसलं नव्हतं, हेही खरं.

बांध जिथं होणार होता ती जागा त्यांनी मला पहिल्यांदा दाखवली, तेव्हा मी डोंगराकडे बघत होतो, पाणी येणार त्या बाजूला. ते पाठ फिरवून खाली बघत होते. नाल्याच्या कडेला, बांधाच्या बरोबर खाली, बौद्धांची वस्ती होती. मातीच्या भिंती, वर पत्रे किंवा पाचट. "बांध फुटला तर पहिली घरं ती," एवढंच ते म्हणाले. पुढच्या सगळ्या भांडणात हेच त्यांच्या डोक्यात होतं.

काम सुरू होण्याआधी त्यांनी बांधाचा सांगाडा उभा केला. बांध कसा दिसणार हे कागदावर होतं, आणि कागद वाचणारी माणसं त्या माळावर फार नव्हती. म्हणून ठरावीक अंतरावर बांबू रोवले, आणि बांधाचा पाया किती रुंद, दोन्ही बाजूंचा उतार कसा चढत जाणार, माथा कुठं येणार, ते सगळं बांबूंना काथ्या ताणून खऱ्या मापात दाखवलं. मग एका सांगाड्यापासून दुसऱ्यापर्यंत काथ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामावर आली तेव्हा एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत हवेचा बांध उभा होता.

मग वस्तीतल्या बायकांच्या टोळीची म्होरकी आनसाबाई पुढं झाली. पन्नाशीची बाई, तोंडात मिश्री, आवाज माळाच्या या टोकाचा त्या टोकाला. ती काथ्याखालून वाकून आत शिरली आणि पलीकडच्या बाजूनं बाहेर पडली.

"बया! बांधातनं आरपार गेले की गं!"

"जाऊन घ्या, मावशी," भालेराव म्हणाले. "नंतर जायला मिळायचं न्हाई."

मग सगळ्याच बायका जाऊन आल्या. दोन म्हातारेही. आबा गेले नाहीत, पण त्यांनी काथ्यात हात घालून पाहिला.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसायचो. मी पुस्तकांतला माणूस, आणि त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, पुण्याला रद्दीत घेतलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक, बांधकामाच्या इतिहासाचं. खुणेला एसटीचं तिकीट. ते मला त्यातलं मराठी करून सांगत. मिसरातले लोक दोरीला गाठी मारून काटकोन कसा काढत. मोठमोठ्या दगडी कमानी बांधणारे कारागीर आधी चुन्याच्या फरशीवर कमान खऱ्या आकारात कशी काढत, त्यावरून एकेका दगडाचा लाकडी साचा कसा कापत, आणि तो साचा लांबच्या खाणीवर कसा पाठवत.

"खाणीवरचा पाथरवट निरक्षर," ते म्हणाले. "त्याला नकाशा काय करायचा? पण साचा हातात दिला की काही सांगावं लागत नाही. दगड तिथं घडतो आणि इथं येऊन बरोबर बसतो. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. मला तर ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, गुरुजी. चाकापेक्षा मोठी."

मी म्हणालो, चाकापेक्षा म्हणजे जरा जास्तच होतंय.

"चाकसुद्धा साच्यावरच गोल झालं असेल," ते म्हणाले.

वडिलांविषयी ते एकदाच बोलले. गँगमनकडे रुळांतलं अंतर तपासायची एक लोखंडी दांडी असते, तिला गेज म्हणतात. लहानपणी ते डबा घेऊन लाईनवर जायचे तेव्हा वडील ती रुळांवर टेकवून दाखवत. "बसली तर बसली. साहेबानं टेकवली तरी तेवढीच, आमच्या वडलांनी टेकवली तरी तेवढीच. दौंडात मी दुसरी अशी वस्तू पाहिली नव्हती," असं म्हणून ते कंदिलाची काच पुसायला लागले.

एका रविवारी आम्ही सायकलींवर एक जुनं हेमाडपंती देऊळ बघायला गेलो. दगडात चुना नाही, सांध्यात नख जात नाही, असं मी वाचलं होतं. भालेराव पायऱ्यांपाशी थांबले. "देव कसा आहे ते तुम्ही बघून या. माझं काम इथं जोत्याशीच आहे." मी आत जाऊन आलो तर ते गुडघ्यांवर बसून एका सांध्यावर बोट फिरवत होते. वेगवेगळ्या दगडांवरची एकच नक्षी त्यांनी पट्टीनं मोजली होती. ती सगळीकडे सारखी भरली होती, फक्त एका दगडावर जरा कमी. "शिकाऊ असणार," ते कौतुकानं म्हणाले. "आणि उस्तादानं बघून सोडून दिलं." परतताना वाटभर ते त्या शिकाऊ माणसाबद्दलच बोलत होते.

कामावर त्यांचं एक पालुपद होतं, "आधी माप, मग मत." टोळ्यांची भांडणं, मुकादमाच्या तक्रारी, आबांचे सल्ले, सगळ्याला हेच. माप घेताना ते कुणाशी बोलत नसत. माप झाल्यावर मात्र मन लावून मत ऐकत.

मातीचं माप खड्ड्यावरून होई, आणि मजुरी त्या मापावर. खणताना मधे मूळ जमिनीचा एक खांब तसाच सोडायचा, वरच्या गवतासकट. खड्डा किती खोल गेला ते या खांबावरून कळतं. त्याला मटाम म्हणतात. मटामाच्या डोक्यावर दोन पाट्या माती थापून वर गवत खोचलं की खड्डा बसल्या जागी खोल होतो. ही युक्ती मटामाइतकीच जुनी असावी.

मापाच्या दिवशी गावातल्या एका टोळीच्या मटामावर शेंदूर फासलेला दगड निघाला. पुढं नारळ, उदबत्ती. टोळीतला एक जण हात जोडून म्हणाला, "सायेब, म्हसोबा परगटला. आता ह्येला पट्टी लावायची म्हंजी..."

भालेरावांनी मटामाभोवती एक फेरी मारली. वरचं गवत सुकलेलं होतं. ते म्हणाले, "देवाला पट्टी नाही लावत. कालच लावलीय, तवा ते देव नव्हते. काल ते माझ्या गुडघ्याला लागत होते, आज मांडीला लागत्यात. देव वाढता असंल तर मलाही हात जोडले पायजेत. रोज किती वाढनार, तेवढं इचारून सांगा."

शेजारच्या खड्ड्यातून आनसाबाईचा आवाज आला, "आरं, जवारी वाढंना, पोरं वाढंनात, आन् तुमचा देव वाढतोय व्हय!"

सगळा माळ हसला. ती टोळीही. जेवणाच्या सुट्टीनंतर म्हसोबा मटामावरून उतरून लिंबाखाली गेले होते आणि मटाम पुन्हा गुडघ्याएवढा झाला होता. भालेरावांनी माप घेतलं, आणि ही गोष्ट शिरूरच्या ऑफिसात कधी गेली नाही.

मग उंचीचं भांडण सुरू झालं. बांध अर्ध्यावर आला असताना भालेरावांनी माथ्याचा काथ्या आणखी हातभर वर बांधला. नकाशात होतं त्यापेक्षा वर.

कारण सोपं होतं. नकाशात लिहिलं होतं की मातीचा एकेक थर टाकायचा, त्यावर पाणी मारायचं, आणि तो दाबायचा. पण त्या वर्षी प्यायला पाणी टँकरनं येत होतं. मातीवर कुठलं मारणार? बांध कोराच चढत होता. कोरी माती आज फुगून उंच दिसते. पहिलं पाणी लागलं की ती खाली बसणार, आणि बांध कागदापेक्षा बुटका होणार. मग एखाद्या मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा बांध राहत नाही, आणि त्याच्या खाली वस्ती होती.

शिरूरहून डेप्युटी इंजिनिअर जीपनं पाहणीला आले. "भालेराव, हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे?"

"ड्रॉइंगमध्ये पाणी मारायचं लिहिलंय, साहेब. पाणी द्या, मी काथ्या खाली घेतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी गॉगल काढून पुसला, वस्तीकडे पाहिलं, माथ्याकडे पाहिलं. "वाढीव मातीचा खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. मी आज इथं वर चढलो नाही," असं म्हणून ते खरोखरच वर न चढता जीपमध्ये बसले.

बायकांचं समजावणं जास्त अवघड होतं. बांध जितका उंच तितका डोक्यावर पाटी घेऊन चढ जास्त. आनसाबाईनं पाटी खाली आपटली. "वरसेर सायेब, आभाळाला टेकवायचा हाय का ह्यो बांध? कागदात न्हाई आन् तुमच्या डोस्क्यातनं निघालं! मानसं हाइती का गाढवं?"

भालेरावांनी वाद घातला नाही. तीच पाटी उचलली, बांधावरच्या कोऱ्या मातीनं काठोकाठ भरली, हातानं सपाट केली. मग आपल्या तांब्यातलं पिण्याचं पाणी तिच्यात ओतलं. सगळं.

"आगं बया, पानी सांडलं की वो!" बायका ओरडल्या. त्या दिवसांत असं पाणी ओतणारा माणूस वेडाच समजला जायचा.

पाटीतली माती हळूहळू खाली गेली. काठापासून चांगली चार बोटं. भालेरावांनी पाटी आनसाबाईपुढं ठेवली. "मावशी, ह्यो बांध. आन् तुमचं घर कुठंय?"

आनसाबाईनं मागं वळून पाहिलंच नाही. घर कुठं आहे ते तिला माहीत होतं. तिनं मिश्रीची पिंक टाकली आणि पदर खोचला. "चला गं. रागानं का हुईना, चढा."

पुढं काही आठवड्यांनी तो घोटाळा झाला. भालेराव रोज सकाळी माथ्याच्या रेषेला डोळा लावून बघत. एका सकाळी ते बघता बघता थांबले. बरोबर मधे, नाल्यावर, बांध खाली गेलेला दिसत होता. तिथं जाऊन पाहिलं तर माती खचलेली नव्हती, काथ्याच खाली बांधलेला होता, आणि टोळीनं काथ्याबरहुकूम इमानानं तेवढीच माती चढवली होती. गाठही भालेरावांची नव्हती. सरपणाच्या मोळीला बायका मारतात तशी होती.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खालच्या बाभळीला एक झोळी टांगलेली होती, त्यांच्याच काथ्याची, आणि झोळीत एक मूल झोपलं होतं. शेवंता नावाच्या मुलीचं, पहिलंच. तिनं झोळीपुरता काथ्या कापून घेतला होता, आणि बांध उघडा पडू नये म्हणून उरलेला तुकडा पोचेल तिथं नीट ताणून बांधला होता.

मुकादम धावत आला. "हिचं नाव काढा, सायेब! सगळ्या बांधाचं वाटोळं केलं!"

"हळू," भालेराव म्हणाले. "पोर उठंल."

त्यांनी आधी किती खाली गेलंय ते मोजलं. शेवंता पाटी हातात धरून उभी होती. कामावरून नाव गेलं तर घरात चूल नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, काथ्या हवा होता तर मागायचा."

शेवंतानं मान वर केली. "मागितला आस्ता तर दिला आस्ता का?"

भालेराव प्रामाणिकपणे विचार करू लागले. "नसता दिला," ते म्हणाले.

"म्हनून न्हाई मागितला."

मुकादम सोडून सगळे हसले. भालेरावही ओशाळं हसले. नाव निघालं नाही. तेवढा तुकडा पुन्हा वर चढवावा लागला, आणि आनसाबाईनं दिवसभर त्यांना ऐकवलं, "सायेब, आता काथ्या पोराच्या पायाला बांधा, म्हंजी चोरीला जायचा न्हाई." पुढच्या बाजाराला ते शिरूरहून दोराचं एक भेंडोळं खांद्यावर टाकून आले. बाभळीच्या रांगेला सगळ्या तान्ह्यांच्या झोळ्या लागल्या. जमिनीपासून किती वर हे अर्थात मोजून. मुंगी चढू नये, आणि पोर पडलं तर लागू नये, याच्या मधलं काहीतरी माप होतं ते.

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. तलावात थोडं पाणी आलं, बांध ओला झाला आणि बसला. भालेराव रोज मोजत होते. तो त्यांनी म्हटलं होतं तेवढा बसला, मग थांबला. परतीच्या पावसात मात्र डोंगरात ढगफुटी व्हावी तसं पाणी आलं. वस्तीतली माणसं भांडीकुंडी घेऊन माझ्या शाळेत आली. बाकीची वाडी बांधावर. सांडवा भरून वाहत होता तरी पाणी चढतच होतं. दुपारभर भालेराव माथ्यावर उभे होते, पट्टीनं पाण्याची उंची घेत. पाणी थांबलं तेव्हा माथ्याला वीतभर राहिली होती. काथ्या हातभर वर गेला नसता तर त्या दिवशी पाणी बांधावरून गेलं असतं.

आबा त्यांच्याजवळ गेले. "साहेब, वीतभरानं वाचलो."

"कुणाची वीत, आबा? तुमची का माझी?" भालेराव म्हणाले. मग ते तिथंच चिखलात खाली बसले. आबाही शेजारी बसले.

वाढीव मातीचा खुलासा मागितला गेला, तो त्यांनी दिला, आणि त्यांची बदली दौंडला झाली. "लोकांना शिक्षा म्हणून रानात पाठवतात," मला म्हणाले, "मला घरी पाठवलं. आईला सांगू काय, काय गुन्हा केला म्हणून?" एसटीपर्यंत सोडायला आबा आले होते. खोलीचा विषय दोघांनीही काढला नाही. आबांनी त्यांची ट्रंक टपावर चढवायला हात लावला.

त्यानंतर पत्रं. थोडी, पण नियमित. दशक सरत आलं आणि माझी बदली कोकणात झाली. निघायच्या आदल्या दिवशी, उन्हाळ्यातल्या रविवारी, भालेराव न कळवता वाडीवर आले. पाटसच्या बाजूला एका कामावर असताना त्यांना तिथला एक जुना मातीचा बांध मोजायला मिळाला होता. दुष्काळातलाच, कोरा चढवलेला. तो पहिल्या पावसात बसून थांबला नव्हता, पुढं कितीतरी वर्षं हळूहळू बसत राहिला होता. त्या दिवसापासून त्यांच्या मनात आमचा बांध होता.

आम्ही दोघांनी दिवसभर मापं घेतली. मी मापाची उंच पट्टी उभी धरायची, त्यांनी तिपाईवरच्या लेव्हलच्या दुर्बिणीतून बघायचं. टोकांना ठीक होतं. नाल्यावर, जिथं बांध सगळ्यात उंच होता, तिथं माथा कागदावरच्या रेषेच्याही खाली गेला होता. त्यांनी दोनदा बघितलं, मग दुर्बीण मला बघायला दिली, जणू मला वेगळं दिसेल.

"माझा अंदाज चुकला, गुरुजी."

मी म्हणालो, तुमच्यामुळे तर वस्ती वाचली. त्यांना ते ऐकू आलं नसावं. सरळ आबांच्या वाड्यावर गेले आणि अंगणात उभं राहून म्हणाले, "आबा, मी केलेला बांध मधे कमी पडलाय. मंजुरीला टाकतो, पण पावसाळ्याआधी यायची नाही."

आबा आता थकले होते. बाजेवरून म्हणाले, "आत या आधी. उद्या गाड्या सोडतो मातीला."

वस्तीत आनसाबाई ओसरीवर डाळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तवाच म्हनला आस्ता तर आनखी चढलो आस्तो."

"तवा मला माहीत नव्हतं, मावशी."

"आता झालं ना म्हाईत? मग तोंड कशाला पाडता? कवा लागायचं कामाला, तेवढं बोला."

सोमवारी सकाळी माझी ट्रंक एसटीवर चढत होती तेव्हा बांधावर काम सुरू झालं होतं. आबांच्या गाड्या माती टाकत होत्या. आणि या वेळी पाणी होतं, तलावातच, उन्हाळा असूनही तळाशी शिल्लक. भालेराव थर टाकू देत होते, भिजवून, चोपून घेत होते, मगच दुसरा. दुष्काळात याच माळावर पिण्याच्या पाण्याचे माठ दोन होते, एक गावाचा, एक वस्तीचा, आणि भालेराव वस्तीच्या माठातलं पाणी प्यायचे. त्या सकाळी घागर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते आहे हे बघायला कुणाला सवड नव्हती. पावसाळा जवळ आला होता.

एसटी वळणावर आली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. पाण्यापासून माथ्यापर्यंत माणसांची ओळ लागली होती. मधोमध भालेराव, खालून आनसाबाईकडून भरलेली घागर घ्यायचे आणि वर आबांच्या पुतण्याकडे द्यायचे. पुतण्या काहीतरी बोलत होता, आनसाबाई त्याला खालून उत्तर देत होती, आणि दोघांच्या मधे भालेरावांचा शर्ट पार भिजून अंगाला चिकटला होता. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं. पण त्यांच्या दोन्ही हातांत तेव्हा घागर होती.